खालच्या अंगाची विहीर : सोलापूरच्या एका कचरा डेपोलगतचं प्रकरण

सोलापूर शहराच्या कडेला एक जुना कचरा डेपो आहे. त्याच्या उताराला, ओढ्याच्या अलीकडे, एका शेतकरी कुटुंबाची सहा परस खोल विहीर आहे. तिचं पाणी गेल्या काही वर्षांत बिघडत गेलं. ते डेपोमुळे बिघडलं का, आणि त्याच शेतात नवा बोअर मारला तर चांगलं पाणी लागेल का, असे दोन प्रश्न समोर होते. कुटुंबाला घाई दुसऱ्याची होती. बोअरच्या गाडीवाल्याशी बोलणं झालं होतं, फक्त इसार द्यायचा राहिला होता. पण पहिल्याचं उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्याचं देणं म्हणजे त्यांचे पैसे मातीत घालणं झालं असतं.

गावाचं नाव, गट नंबर आणि मूळ रिपोर्ट इथे दिलेले नाहीत. पाणी खराब असल्याचं बाहेर गेलं की जमिनीचा भाव पडतो, सोयरिकीच्या बोलण्यातही तो विषय निघतो. कुटुंबाची ही काळजी खरी आहे. म्हणून काय मर्यादेत होतं, काय बाहेर होतं आणि दोन विहिरींत फरक कुठे होता, एवढंच सांगतो. निदान समजायला तेवढं पुरतं.

सोलापुरात भूजल हा फक्त शेतकऱ्याचा विषय राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. उजनी धरण आहे, भीमेवरचा औज बंधारा आहे, हिप्परग्याचा १८७१ साली पूर्ण झालेला एकरुख तलाव आहे, आणि तरीही नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. त्यामुळे हद्दवाढ भागात प्लॉट घेतला की घराच्या पायाआधी बोअरचा विचार होतो. जमिनीखालचं पाणी हा या शहराचा दुसरा नळ आहे. शहराचा कचरा ज्या माळावर जातो तो माळ आणि हे पाणी यांचं नातं काय, हे सोलापूरकराला ठाऊक असायलाच हवं.

माळावर कचरा टाकला की काय होतं

डेपोसाठी सगळीकडे माळच निवडला जातो. तिथे पीक नसतं, वस्ती नसते, जमीन सरकारी किंवा स्वस्त असते. वरवर पाहता निवड शहाणपणाची वाटते. पण आपल्या भागात माळ हीच पाणी मुरायची जागा आहे.

सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या खडकावर बसला आहे. विहीर खणणाऱ्याला हे थर त्याच्या नावांनी माहीत असतात: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मुरूम म्हणजे झिजलेला खडक. मांजऱ्या हा पोकळ्यांचा आणि भेगांचा. पाणी राहतं ते या दोहोंत. काळ्या पाषाणात भेग असेल तरच पाणी, नसेल तर थेंबही नाही. पाषाणाखाली पुन्हा एखादा लाल मातीचा पट्टा आणि त्याखाली लाव्हाचा पुढचा थर, असं खोलवर चालतं.

ओढ्याकाठी काळी माती खोल असते. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. माळावर मात माती वीतभर, कुठे तेवढीही नाही, आणि तिच्याखाली थेट मुरूम. जूनचा पाऊस माळावर पडतो, मुरमातून खाली जातो आणि उतारानं सरकत खालच्या विहिरींना मिळतो. खालच्या विहिरीला पाणी आहे ते वरच्या माळामुळे. तोच माळ कचऱ्याखाली गेला की पाऊस आधी कचऱ्यातून गाळला जातो आणि मग विहिरीत येतो.

काळ्या मातीबद्दल एक गैरसमज ऐकायला मिळतो. ती चिकण आहे, सगळं अडवते, म्हणून काळजी नको, असं म्हणतात. फुगलेली माती अडवते हे खरं. पण मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. पहिल्या पावसाचं पाणी या भेगांतूनच खाली उतरतं, आणि वर्षभर साचलेली घाण सगळ्यात जास्त धुऊन आणतं तेही तेच पाणी.

कचऱ्यातून जे पाझरतं त्याला लीचेट म्हणतात. डेपोवर काम करणारी माणसं ‘काळं पाणी’ म्हणतात. किती असू शकतं याचा अंदाज कागदावर करता येतो. सोलापूरचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर. एक हेक्टर ढिगावर तेवढा पाऊस पडला तर ते ५५ लाख लिटर पाणी झालं. आपल्या उन्हात त्यातलं पुष्कळ उडून जातं. पाचवा हिस्सा जरी ढिगात मुरला असं धरलं तरी ११ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ११० टँकर, एका हेक्टरमागे एका वर्षात. शिवाय आपल्या कचऱ्यात भाजीपाला आणि खरकटं भरपूर. त्याचं स्वतःचं पाणी उन्हाळ्यातही सुटतच राहतं.

पाऊस आपल्याकडे वर्षभर सारखा पडत नाही. जून-जुलै बऱ्याचदा कोरडे जातात आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस दणकून येतो. त्या चार-दोन मोठ्या पावसांत ढीग खालपर्यंत भिजतो. नमुने कधी घ्यायचे हे त्यावरच ठरलं.

विहिरीनं आधीच काय सांगितलं होतं

घरातल्या मावशींनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी बिघाड ओळखला होता. “चहा काळा पडालाय ओ सर, दूध घातलं तरी,” असं त्यांनी सांगितलं. पाण्यात लोह वाढलं की चहातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडते आणि चहा शाईसारखा होतो. डाळ शिजायला वेळ लागायला लागला, साबणाला फेस येईना, पांढरा टॉवेल धुऊन पिवळा व्हायला लागला. डाळ आणि साबण ही कठीणपणाची लक्षणं, टॉवेल लोहाचं. सोलापुरात टॉवेल पिवळा पडला की घरात त्याची चर्चा होतेच. म्हशीनं मात्र सगळ्यांच्या आधी निर्णय घेतला होता. ती हौदाकडे तोंड नेऊन परत फिरायची.

बांधावरची लिंबं दुसरा पुरावा देत होती. पानांची टोकं करपलेली, कडा तपकिरी, जुनी पानं आधी गळालेली. लिंबूवर्गीय झाडांना क्लोराइड सोसत नाही. ज्वारी त्याच पाण्यावर बरी उभी होती, म्हणून थोरल्या मुलाला वाटायचं की झाडांवर रोग आहे. त्यानं फवारण्याही करून पाहिल्या होत्या.

मला सगळ्यात जास्त सांगितलं ते विहिरीच्या भिंतीनं. वरचं बांधकाम दगडाचं, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या उघडा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं, त्यामुळे पाझर स्पष्ट दिसत होते. ओढ्याच्या बाजूचा पाझर स्वच्छ होता. डेपोच्या बाजूला मुरूम आणि मांजऱ्या जिथे भेटतात तिथून येणाऱ्या पाझराखाली गंजासारखा नारिंगी ओघळ होता, बोटाला बुळबुळीत लागणारा, आणि पाझराच्या अगदी तोंडाशी त्याला काळी किनार. ढिगाखाली हवा नसते. तिथे खडकातलं आणि कचऱ्यातलं लोह व मँगनीज विरघळलेल्या रूपात पाण्यात उतरतं. ते पाणी विहिरीच्या भिंतीवर उघड्या हवेत आलं की लोह गंजून बसतं आणि मँगनीज काळं होऊन. पाणी हवा नसलेल्या जागेतून आलंय, आणि एकाच बाजूनं आलंय, हे भिंतीवर लिहिलेलं होतं.

पण भिंतीवरचा डाग कुणी पुरावा म्हणून मानत नाही. आणि हवा नसलेली जागा म्हणजे डेपोच, असंही नाही. गुरांच्या गोठ्यालगतचा उकिरडा आणि शौचालयाचा शोषखड्डाही असंच करू शकतात.

आधीचा रिपोर्ट आणि त्यातला नायट्रेटचा आकडा

कुटुंबानं पूर्वी एकदा पाणी तपासून घेतलं होतं. रिपोर्टात पीएच, एकूण क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि दोन-तीन जड धातू होते. क्षार आणि कठीणपणा जास्त, पण ‘या भागात पाणी खारंच असतं’ म्हणून ते सोडून दिलं गेलं. जड धातू मर्यादेत. नायट्रेटही मर्यादेत. डेपोचा परिणाम दिसत नाही, असा अर्थ त्यातून निघाला आणि विषय मिटला.

हा अर्थ चुकीचा होता, आणि अशी चूक ठिकठिकाणी होते, म्हणून इथे जरा थांबतो.

जड धातूंची भीती लोकांना सगळ्यात जास्त वाटते. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंग यांच्यामुळे ती वाटणं साहजिक आहे. पण ढीग नवा असतो तेव्हा त्यातलं पाणी आंबट असतं आणि धातू तेव्हा जास्त सुटतात. काही वर्षांत ढीग मिथेन बनवायला लागतो, पाण्याचा आंबटपणा जातो आणि पुष्कळसे धातू सल्फाइड किंवा कार्बोनेट होऊन जागीच बसतात. जे वाटेत सुटतात त्यातलं बरंच माती आणि मुरूम धरून ठेवतात. म्हणून जुन्या डेपोच्या खालच्या विहिरीत शिसं किंवा कॅडमियम सापडलं नाही, तर त्यावरून डेपोचं पाणी आलंच नाही असं म्हणता येत नाही. शिशाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, ती पाळली जाणं आवश्यकच. पण डेपोची ओळख पटवायला हा आकडा फारसा उपयोगी नाही.

नायट्रेटचं तर उलटंच असतं. कचऱ्यातलं नत्र हवेशिवाय कुजतं तेव्हा त्याचं अमोनिया होतं. नायट्रेट व्हायला प्राणवायू लागतो, तो तिथे नसतो. वरून शेतातलं नायट्रेट त्या पट्ट्यात शिरलं तर तिथले जिवाणू तेही खाऊन टाकतात. म्हणजे ढिगाच्या जवळ नायट्रेट कमी आणि अमोनिया जास्त, हीच डेपोच्या पाण्याची खूण. पुढे उताराला जिथे हवा मिळते तिथे तोच अमोनिया पुन्हा नायट्रेट होतो. जुन्या रिपोर्टात नायट्रेट पाहिलं गेलं आणि अमोनिया पाहिलाच नव्हता. कमी नायट्रेट ही चांगली बातमी समजली गेली. खरं तर ती पहिली शंका यायला हवी होती, कारण आजूबाजूला रासायनिक खत घालणारी बागायत असताना एकट्या याच विहिरीत नायट्रेट इतकं कमी का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दोन विहिरी, दोन ऋतू

सोलापूरच्या भूजलात क्षार नैसर्गिकरीत्याही असतात. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, काळी माती. त्यामुळे एका विहिरीचा रिपोर्ट एकटा वाचून काहीच सिद्ध होत नाही. त्या विहिरीच्या शेजारी ठेवून पाहायला दुसरी विहीर लागते: त्याच खडकात, त्याच पिकांत, पण डेपोच्या वरच्या अंगाला.

अशी विहीर होती. ती या कुटुंबाच्या चुलत घराची. बांधाच्या वादातून दोन घरांचं बोलणं बंद होतं. नमुना घ्यायला परवानगी मागायला थोरला मुलगा स्वतः गेला, आणि काकांनी एका शब्दात हो म्हटलं. पाण्याच्या गोष्टीत भाऊबंदकी बाजूला राहू शकते, हे मी इतरत्रही पाहिलंय.

नमुने पाच ठिकाणचे घेतले: वरची विहीर, ही खालची विहीर, आणखी उताराला शेजाऱ्याचा तीनशे फुटी बोअर, ओढा, आणि ढिगाच्या पायथ्याशी साचलेलं काळं पाणी. एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरच्या पावसानंतर. विहिरीतून नमुना घेताना मोटर चालवून साचलेलं पाणी आधी उपसलं. बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवली, कारण हवा लागली की अमोनिया आणि लोह दोन्ही बदलतात.

कामाची खरी मदार क्लोराइडवर होती. क्लोराइड मातीला चिकटत नाही, जिवाणू खात नाहीत, वाटेत दुसरं काही बनत नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते जातं. आणि तपासायला महागडं यंत्र लागत नाही. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत जायचं. क्लोराइड आहे तोवर पांढरा साका होत राहतो. ते संपलं की पुढच्या थेंबाला पिवळा रंग विटकरी होतो आणि तिथे थांबायचं. वरच्या विहिरीचा नमुना ब्युरेटच्या सुरुवातीच्या भागातच विटकरी झाला. खालच्या विहिरीचा होईच ना. तो पातळ करून पुन्हा घ्यावा लागला.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. वरची विहीर २५० च्या आत होती. खालची त्याच्या कितीतरी पुढे. एकूण क्षारांचंही तसंच. त्यांची इष्ट मर्यादा ५००, कमाल २,०००. अमोनियाची मर्यादा ०.५ आहे. वरच्या विहिरीत अमोनिया जवळपास नव्हता, खालच्या विहिरीत मर्यादा कुठल्या कुठे मागे राहिली होती. नायट्रेटची मर्यादा ४५. तो वरच्या विहिरीत या आकड्याच्या वर होता आणि खालच्या विहिरीत अगदी कमी. शोषखड्डा किंवा गोठा हे कारण असतं तर विष्ठेचे जिवाणू भरपूर सापडायला हवे होते. खालच्या विहिरीत ते वरच्याइतकेच निघाले. पोटॅशियमही खालच्या विहिरीत वाढलेलं होतं. ते खतातूनही येऊ शकतं, पण खत दोन्ही शेतांत सारखंच पडतं.

माझ्या मते निर्णायक ठरला तो ऋतूंचा फरक. पावसानंतर वरची विहीर सुधारली, क्षार पातळ झाले. चांगल्या विहिरीचं असंच होतं. खालची विहीर सप्टेंबरनंतर आणखी बिघडली. एकच पाऊस, एकच खडक, आणि अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या आत दोन विहिरी विरुद्ध दिशेला गेल्या. मधे फक्त ढीग होता.

ओढ्यात पावसात पाणी वाहतं, त्यामुळे सगळं पातळ होऊन बरं दिसलं. पण हा ओढा पुढे सीनेला जातो आणि सीना हत्तरसंग कुडलजवळ भीमेला. पातळ झालं म्हणजे नाहीसं झालं, असं नाही.

बोअरचा निर्णय

खोलवर चांगलं पाणी असेल, या आशेला थोडा आधार आहे. मुरूम-मांजऱ्यातलं पाणी आणि दोनशे-तीनशे फुटांवरच्या भेगेतलं पाणी यांच्यामध्ये पक्का काळा पाषाण असेल तर खालचं पाणी वेगळं राहू शकतं. अडचण आपण बोअर कसा मारतो याची आहे. केसिंग पाइप टाकतात तो पहिला कठीण खडक लागेपर्यंत, कारण पुढे भोक ढासळत नाही आणि पाइपाला फुटामागे पैसे पडतात. पाइपाभोवतीची जागा सिमेंटनं भरत नाहीत. मग वरच्या थरातलं घाण पाणी पाइपाच्या बाहेरून आणि खालच्या तोंडाशी सरळ भोकात उतरतं आणि खोलच्या भेगेला जाऊन मिळतं. इतकी वर्षं जो पाषाण अडवून बसला होता त्याला आपणच दरवाजा पाडतो.

शेजाऱ्याच्या बोअरमध्ये नेमकं हेच दिसलं. अमोनिया कमी होता, पण क्लोराइड वरच्या विहिरीपेक्षा स्पष्ट जास्त, आणि पावसानंतर त्यात वाढ. म्हणजे वरचं पाणी खाली पोचलं होतं. आणखी एक गोष्ट: मोटर जोरात चालली की पाण्याची पातळी बोअरभोवती खाली जाते आणि आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं. डेपोच्या उताराला बोअर मारून उपसा वाढवणं म्हणजे घाणीला बोलावणं.

म्हणून सल्ला दिला की या पट्ट्यात बोअर मारू नका. थोरल्याला तो पटायला वेळ लागला. मावशींनी विचारलं, “मग जनावरांनी प्यायचं काय?” हा प्रश्न टाळून कुठलाही सल्ला देणं बरोबर नव्हतं.

चुलत घराच्या वरच्या विहिरीवरून पाइपलाइन आणायची, विजेचं बिल वाटून घ्यायचं, असं दोन घरांत ठरलं. गुरांना आणि लिंबांना ते पाणी चालतं. माणसांना पिण्यासाठी मात्र नाही, कारण त्यात नायट्रेट ४५ च्या वर आहे. तान्ह्या बाळाला असं पाणी दुधात घालून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याचं पाणी गावच्या नळाचंच भरायचं असं ठरलं. जारचं पाणी घ्यायचं तर जारवाल्याकडे तपासणीचा रिपोर्ट मागा, असं सांगितलं. जार थंड आहे यावरून पाणी शुद्ध ठरत नाही.

त्याच शेतात जुना एक फेल गेलेला बोअर होता. केसिंग काढून नेलेलं, तोंडावर एक दगड. सोलापूरच्या शिवारात असे बोअर मोजता येणार नाहीत इतके आहेत. लहान मुलांच्या जिवाला धोका आहेच, पण डेपोच्या उताराला असं उघडं भोक म्हणजे घाण पाण्यासाठी खाली जायचा रस्ता. तो खालून खडी, वर चिकण माती आणि तोंडाशी सिमेंट घालून बुजवला. सगळ्या प्रकरणात लगेच होण्यासारखं आणि कमी खर्चाचं काम हेच होतं.

जुन्या विहिरीचं काय करायचं हा प्रश्न अवघड आहे. उपसा चालू ठेवला तर ती घाण पाणी ओढत राहते आणि तिच्याखालच्या विहिरी काही प्रमाणात वाचतात. बंद केली तर तेच पाणी पुढे सरकेल. पण एका कुटुंबानं आपल्या विजेवर गावाची घाण उपसत बसावं, आणि उपसलेलं पाणी टाकावं कुठे? मला हे त्या कुटुंबावर टाकणं अन्यायाचं वाटतं.

ढिगाचं काय

कायद्यात पुरेसं लिहिलेलं आहे. भरावभूमीच्या, म्हणजे कचरा कायमचा पुरायच्या जागेच्या, तळाशी ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा हवा, हे २००० सालच्या नियमांपासून आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमी नदीपासून १००, तळ्यापासून २०० आणि वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब असावी असं होतं. सोडायचं लीचेट आधी शुद्ध करावं. जमिनीवरील पाण्यात सोडायचं तर बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. भूजल बिघडवण्याला महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियमही मनाई करतो. पण राज्यभरातले जुने ढीग या नियमांच्या आधीचे आहेत, त्यांच्याखाली पडदा नाही, आणि आता घालताही येत नाही.

२०१६ च्या नियमांत भूजलाची तपासणी भरावभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत करायची होती, उन्हाळा, पावसाळा आणि पावसानंतर. तपासणी व्हावी हे उत्तमच. पण बेसाल्टमध्ये पाणी चहूकडे सारखं पसरत नाही, एखाद्या भेगेच्या रांगेनं लांब जातं. ५० मीटरवरची विहीर कोरडी-स्वच्छ निघेल आणि पाचशे मीटरवरची बिघडलेली, असं घडू शकतं. आपली विहीर त्या ५० मीटरांत येत नाही, म्हणून ती कुणाच्याच तक्त्यात नव्हती. आपल्या खडकात तपासणीच्या विहिरी अंतरावरून नव्हे, उतारावरून आणि भेगांवरून ठरवायला हव्यात, आणि वरच्या अंगाची एक तरी विहीर यादीत असायलाच हवी.

जुने ढीग उपसून, कुजवून, चाळून जागा मोकळी करण्याचं बायोमायनिंगचं काम स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यापासून देशभर जोरात आहे. मी त्याच्या बाजूनं आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. पावसात ढीग उघडा ठेवून उपसला तर वर्षांचं काळं पाणी महिन्यांत खाली जातं. आणि चाळून निघालेली बारीक माती शेतकऱ्याला फुकट खत म्हणून देताना तिच्यातले क्षार, काचा आणि धातू तपासलेले असावेत. डेपोचं खत नेलेल्या शेतांत नांगराच्या फाळाला प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या पाहिल्यात. त्या निदान दिसतात तरी.

ढीग उठला तरी विहीर दुसऱ्या वर्षी सुधारेल, असं कुटुंबाला सांगितलेलं नाही. क्लोराइड पावसागणिक धुऊन जाईल. मातीनं धरून ठेवलेला अमोनिया हळूहळू सुटत राहील, त्याला कित्येक वर्षं लागतात. तोवर करण्यासारखं म्हणजे ढिगावर मातीचं आवरण आणि नीट उतार, माळावरचं पावसाचं पाणी ढिगात न शिरता बाजूनं जाईल असा चर, आणि पायथ्याच्या काळ्या पाण्यासाठी पडदा घातलेलं तळं. यातला चर सगळ्यात स्वस्त आहे आणि एका उन्हाळ्यात होतो.

कुटुंबानं दोन्ही ऋतूंचे रिपोर्ट आणि या मागण्या ग्रामसभेत लेखी दिल्या. चुलत घरानंही त्या अर्जावर सही केली. अर्जाला उताराच्या पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअरची यादी जोडली आहे, वरच्या विहिरीपासून ओढ्यापर्यंत क्रमानं. यादीत सगळ्यात खाली शाळेच्या आवारातला हापसा आहे. त्याचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही. पहिला नमुना पावसाआधी घ्यायचा, त्यात क्लोराइड आणि अमोनिया दोन्ही बघायचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत मुलांनी पाणी घरून आणायचं, असं शाळेला कळवलं आहे.